लेकुरी नदीचा तळमजला

आमच्या पिंजऱ्यातले मासे दुपारी मरत होते. रात्री नाही, सकाळी नाही. दुपारी, माणसांची जेवणं झाल्यावर. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा आमटी केली होती आणि उरलेली नदीत ओतली होती. त्यामुळे पहिला संशय माझ्या आमटीवर आला.

मी आमटी करणं थांबवलं. मासे मरायचे थांबले नाहीत. आमटी निर्दोष सुटली.

पिंजरे म्हणजे तरंगत्या चौकटींना खाली लटकवलेल्या मोठ्या जाळ्या. त्यात आई मासे वाढवते. हे पिंजरे आहेत लेकुरी नदीत. लेकुरी ही उपनदी (मोठ्या पाण्याला येऊन मिळणारी छोटी नदी) आहे. ती पुढे उंबरगाठ धरणाच्या जलाशयाला (धरणाने अडवलेल्या पाण्याला) मिळते.

"ही करणी सुगंधाची आहे," आई म्हणाली.

सुगंधामावशीचे पिंजरे आमच्या वर, उगमाच्या बाजूला आहेत. नदीकाठच्या माणसाचं एक ठरलेलं असतं. पाण्यात काही बिघडलं की मान वरच्या अंगाला वळते, कारण पाणी तिकडून येतं. वर राहतो तो गुन्हेगार. खाली राहतो तो बिचारा. मावशीच्या वर कुणीच नव्हतं. म्हणून तिचा आमच्यावर संशय नव्हता, फक्त राग होता.

"कुजका चारा टाकत असशील तू पाण्यात!" आई इकडून ओरडली.

"तुझं तोंड कुजकं!" मावशी तिकडून ओरडली.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष विश्रामतात्या यांनी जाहीर केलं, "रविवारी दुपारी काठावर बैठक. सुगंधाचे पिंजरे लेकुरीतून हलवायचे का, त्यावर हात वर करायचे."

लेकुरीतून हलवायचे म्हणजे उघड्या जलाशयात न्यायचे. तिथे वाऱ्याने एवढ्या लाटा उठतात की जाळ्या महिन्यात फाटतात. मावशीचा धंदाच संपला असता. ती मला लहानपणापासून वाळवलेले बोंबील देते. तिच्यावर संशय घेताना मला फार त्रास झाला. तरी मी घेतला.

पुराव्यासाठी मी कुरमुरे नेले. मावशीच्या पिंजऱ्यापाशी पाण्यात मूठभर टाकले आणि काठाने चालत राहिले. कुरमुरे डुलत डुलत थेट आमच्या पिंजऱ्याला येऊन चिकटले. म्हणजे मावशीकडचं पाणी आमच्याकडेच येत होतं.

तेवढ्यात गुडघाभर पाण्यात उभे असलेले दाजीबाआजोबा दिसले.

दाजीबाआजोबा हे निवृत्त रोबो. उंबरगाठचे दरवाजे तेच उघडायचे आणि मिटायचे. नवा रोबो आला तेव्हा यांना शाल, श्रीफळ आणि एक सौर पत्रा देऊन निरोप दिला. श्रीफळ त्यांच्याकडे अजून तसंच आहे. त्याचं काय करायचं, हे त्यांच्या आज्ञावलीत (रोबोला दिलेल्या सूचनांत) लिहिलेलं नाही. धरणाची सवय म्हणून बोलण्याआधी ते भोंगा वाजवतात.

"आजोबा, पाण्यात काय टाकताय?" मी डोळे बारीक करून विचारलं.

भोंगा वाजला. पलीकडच्या शेळ्या पळाल्या.

"टाकत नाही. तापमापी वर काढतोय. तू काय टाकतेस?"

"कुरमुरे. मावशीविरुद्ध पुरावा आहे."

"कुरमुरे वरच्या मजल्यावर राहतात," आजोबा म्हणाले. "तळमजल्यावर कुणी चौकशी केली का?"

"नदीला मजले असतात?"

"मी सांगितलं तर तू विश्वास ठेवशील. ते चुकीचं आहे. रविवारी एक चेंडू, लांब दोरी आणि छत्री आण."

रविवारी चेंडू आणला, दोरी आणली. छत्री सगळ्या गावात एकाकडेच निघाली.

"तात्या, छत्री द्या."

"ऊन आहे, शेवंते."

"मावशीला हाकलायच्या आधी एकदाच द्या."

तात्यांनी कुरकुरत दिली. आजोबांनी उघड्या छत्रीच्या दांड्याला दगड बांधला, टोकाला दोरी बांधली आणि दोरीच्या वरच्या टोकाला चेंडू. छत्री आमच्या पिंजऱ्याच्याही खाली, खोल पाण्यात लटकली. वर फक्त चेंडू तरंगत राहिला. खाली पाणी जिकडे जाईल तिकडे छत्री जाणार, आणि छत्री जाईल तिकडे चेंडू. मी चेंडूच्या बाजूलाच कुरमुरे टाकले.

कुरमुरे धरणाकडे निघाले.

चेंडू उगमाकडे निघाला.

चेंडू कुरमुऱ्यांना ओलांडून, प्रवाहाच्या विरुद्ध, शांतपणे वर चालला होता. त्याला कुठलीच घाई नव्हती.

"रोबोने मोटार बसवली आहे!" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या छत्रीत मोटार?" तात्या म्हणाले. "त्यात सगळ्या काड्यासुद्धा नाहीत!"

आणि ते छत्रीमागे काठाने पळाले.

"याच रोबोने धरण चालवलंय! याचाच काहीतरी डाव आहे," आई म्हणाली.

"संशय घ्या," आजोबा म्हणाले. भोंगा आधीच वाजून गेला होता. "पण पुढे विचारा. धरणावर गेल्या महिन्यापासून काय नवीन सुरू झालं?"

"पंप," मी म्हणाले.

"बरोबर. दुपारी ऊन असतं, सौर वीज भरपूर तयार होते. त्या विजेवर पंप चालतात आणि खालच्या छोट्या धरणातलं पाणी वर आपल्या जलाशयात चढवतात. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करतात. म्हणजे जलाशय ही पाण्याची बॅटरी झाली. दुपारी भरायची, संध्याकाळी वापरायची."

"मग दुपारी जलाशय वर चढतो," आई हळूच म्हणाली.

"चढतो. जास्तीच्या पाण्याला जागा हवी. ते लेकुरीच्या तोंडातून आत सरकतं. त्याला फुगवटा (खालचं पाणी चढल्यामुळे नदीत मागे पसरलेलं पाणी) म्हणतात."

"मग कुरमुरे का नाही मागे गेले?" मी विचारलं. मला आता सगळ्यांचाच संशय येत होता.

"कारण पंप खालच्या धरणाच्या तळातलं पाणी ओढतात. ते थंड असतं. थंड पाण्याची घनता (तेवढ्याच जागेत मावणारं वजन) जास्त. म्हणून ते नदीच्या तळाशी घसरत आत येतं. आणि लेकुरीचं कोमट, हलकं पाणी त्याच्या डोक्यावरून बाहेर पडतं. एकाच नदीत, एकाच वेळी, वरचा मजला खाली चाललाय आणि तळमजला वर. हा घनता-प्रवाह."

"पण मासे का मरतात?"

"लेकुरीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा पाला कुजतोय. कुजताना तो तिथल्या पाण्यातला प्राणवायू संपवतो. एरवी ते पाणी तळाशी पडून असतं, कुणाला त्रास नाही. आता थंड पाणी त्याच्याही खाली शिरतं आणि त्याला उचलतं. थेट तुमच्या जाळ्यांत. मासे गुदमरतात."

"आणि सुगंधाचे का मरत नाहीत?" आईने विचारलं.

"तिथे नदी उथळ आहे. ताजं पाणी खळाळत येतं. गुदमरायला जागाच नाही."

तेवढ्यात वरून मावशीची हाक आली आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. चेंडू तिच्या पिंजऱ्याच्या अलीकडे, तळ वर येतो तिथे अडकला होता. मावशीने दोरी ओढून छत्री बाहेर काढली.

"तात्या, मला हाकलायला छत्री पाठवलीत काय? स्वतः यायची हिंमत नव्हती?"

तात्या धापा टाकत होते. त्यांनी आधी छत्री घेतली, मग श्वास घेतला, मग म्हणाले, "ज्यांना सुगंधाचे पिंजरे हलवायचेत त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. आईने तर दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

आजोबांनी तिथूनच धरणावरच्या नव्या रोबोला फोन लावला. तो भयंकर संशयी निघाला. "मासे मेल्याचं मासे स्वतः का कळवत नाहीत?" असं त्याने तीनदा विचारलं. मग आजोबांनी पाठवलेली तापमानं त्याने तपासली, पुन्हा तपासली आणि मान्य केलं. आता पंप सगळे एकदम सुरू होत नाहीत, एकेक करून होतात. आणि खालच्या धरणातून पाणी तळाच्या नव्हे, वरच्या दरवाजातून घेतात. तिथलं पाणी कोमट असतं, त्यात हवाही खेळलेली असते. आम्ही दुपारी जाळ्या थोड्या वर ओढून घेतो. पुढच्या आठवड्यात एकच मासा मेला. तो मी तळला होता.

लेकुरीत आता तळापासून वरपर्यंत तापमाप्यांची माळ सोडली आहे. तिचे आकडे मी रोज धरणाला कळवते. दाजीबाआजोबा म्हणतात, जलाशयाला मिळणाऱ्या इतर उपनद्यांनाही मजले असणार, आणि तिथे अजून कुणीच खाली डोकावलेलं नाही. मी चेंडू तयार ठेवला आहे. तात्या छत्री लपवून ठेवतात.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आई होडी घेऊन वर गेली. मी पुढे बसले होते. मावशी चुलीपाशी होती. आई बराच वेळ होडीचा दोर बांधत राहिली. तो केव्हाच बांधून झाला होता.

"चहा आहे का?" शेवटी तिने विचारलं.

"आहे," मावशी म्हणाली. "पण मी काय घातलंय त्यात, याचा तुला संशय येईल."

"येईल," आई म्हणाली आणि चुलीपाशी बसली. "म्हणून तर दोन कप पिऊन बघते."