स्टिअरिंगवरचं बोट

नोलाने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. समोरून येणारी गाडी कुणाची, हे तिला माणूस दिसायच्या आत कळायचं. स्वतःची व्हॅन तर तिने हजारांत ओळखली असती. सायीच्या रंगाची, टपावर निळ्या दोरीने बांधलेलं पाण्याचं हिरवं पिंप, आणि ड्रायव्हरकडच्या फुटक्या आरशाला तिने स्वतः गुंडाळलेली पिवळी चिकटपट्टी. आत एक गादी आणि गादीखाली बीन्सचे डबे. मोटेल वगैरे चोचले तिला आणि तिच्या नवऱ्याला, मर्वला, परवडणारे नव्हते. गाडी थांबेल तिथे झोपायचं आणि चहा स्टोव्हवर करायचा, असा साधा हिशेब होता.

मर्वचं हृदय थकलं होतं. ऑपरेशन झेपणार नाही, घरीच राहा, गाडीला तर हातही लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. निघताना केरिन, त्यांची मुलगी, फाटकात आडवी उभी राहिली.

"आई, वेड लागलंय का तुला? तिकडे ओसाडात बाबांना काही झालं तर?"

"आणि इथे टीव्हीपुढे झालं तर ते बरं का? सरक बाजूला."

बेचाळीस वर्षं मर्व पश्चिमेचा समुद्र बघायचं म्हणत होता. नोला त्याला तो दाखवणार होती, आणि सुखरूप घरीही आणणार होती. यात तिसऱ्या कुणी बोलायचं कारण नव्हतं.

पश्चिमेच्या वाटेवर नलारबोरचं ओसाड पठार लागतं. तिथे झाड नाही, वळण नाही. एकच रस्ता, दोन्हीकडे करडं खुरटं झुडूप आणि वर भलं मोठं आभाळ. तिथे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो नसो, न उचलणारा माणूस माजोरडा समजला जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून सायीच्या रंगाची व्हॅन आली. टपावर हिरवं पिंप होतं.

"अगं, आपल्या गाडीची जुळी बहीण!" मर्व खूश झाला.

काचेवर ऊन होतं. आत दोघं असावीत. ड्रायव्हरने बोट उचललं, नोलानेही उचललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीच व्हॅन परत समोरून आली. या वेळी नोलाला आरशावरची पिवळी पट्टी दिसली.

"कालचीच की ही," मर्व म्हणाला. "आपण झोपलो असताना पुढे गेली असतील. काहीतरी विसरली असतील बिचारी."

"असेल," नोला म्हणाली. रस्ता एकच होता आणि तिची झोप कुत्र्यासारखी सावध होती. रात्रभर त्यांच्या शेजारून एकही गाडी गेली नव्हती.

चौथ्या दिवशी मर्व तोंड उघडं टाकून झोपला होता. व्हॅन आली तेव्हा नोलाने वेग मुद्दाम कमी केला. समोरच्या गाडीनेही केला. ड्रायव्हरच्या जागी नोला स्वतः बसली होती. केस विस्कटलेले, नजर रस्त्यावर. शेजारच्या सीटवर माणूस नव्हता. तिथे मर्वची, मासे पकडायचा गळ अडकवलेली टोपी होती, आणि टोपीवरून सीटबेल्ट लावलेला होता.

नोलाने गाडी कडेला घेतली आणि शेजारी हात नेला. मर्वची छाती वरखाली होत होती. टोपी त्याच्या डोक्यावर होती.

 मग तिला संताप आला, असा की कानशिलं तापली. म्हणजे सगळं परस्पर ठरवूनही टाकलंय? मला न विचारता? मागे फिरावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण ती दुसरी गाडी पूर्वेलाच चालली होती, घराकडे. वळलं तर आपलंही तोंड तिकडेच होणार.

पुढच्या रोडहाउसच्या पेट्रोलपंपावर मालक गेरव्या रंगाने पिंपं रंगवत होता. नोलाने उरलेला डबा आणि ब्रश मागून घेतला आणि भर उन्हात व्हॅन रंगवायला घेतली.

"डोकं फिरलंय हिचं!" मर्व सावलीत बसून ओरडला. "रंगारी लावायचा तरी!"

"तू गप बस, म्हाताऱ्या. श्वास घे फक्त. तेवढं एकच काम आहे तुला."

मागच्या चाकावरचा हातभर तुकडा रंग संपल्यामुळे तसाच सायीचा राहिला. टोपी तिने मर्वच्या डोक्यावरून काढली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली. तो चिडला, तिने लक्ष दिलं नाही. मग तिने रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "याला नाही न्यायचं. कळलं? याला नाही."

पाचव्या दिवशी मर्व जेवून पेंगला. समोर दूरवर एक ठिपका दिसला.

ठिपका गेरवा होता.

ब्रशचे तेच ओढलेले फराटे. मागच्या चाकावर तोच हातभर सायीचा तुकडा.

नोलाने वेग कमी केला.

ड्रायव्हरच्या जागी मर्व होता. बोडका, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. शेजारच्या सीटवर नोलाचं निळं स्वेटर घडी करून ठेवलेलं होतं, आणि त्यावरून सीटबेल्ट लावलेला होता.

तेच स्वेटर आत्ता नोलाच्या अंगात होतं.

तिने बोट उचललं. समोरच्या मर्वने उचललं नाही. तो रडत होता.

गाडी गेली. नोलाने आरशात पाहिलं नाही. तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. तिने व्हॅन थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि मर्वला हलवून उठवलं.

"समुद्र आला?" त्याने डोळे चोळत विचारलं.

"उद्या येईल. ऊठ, इकडे येऊन बस."

"मी? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर गेला खड्ड्यात," नोला म्हणाली आणि सीट त्याच्या मापाने मागे सरकवली. "क्लच जड झालाय. आजपासूनच सवय करून घे."