आवाजातली झोप

हिंदुराव चौगुल्यांनी रोजच्यासारखं स्टिअरिंगसमोर बसून स्वतःचं नाव सांगितलं. बस चालू झाली नाही. खाकरून त्यांनी पुन्हा सांगितलं. समोरच्या पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली : ‘चालकाची झोप अपुरी. घाटमार्गास परवानगी नाही.’

“चांगला घोरत होतो की रात्रभर! बायकोला विचारा,” ते डेपोच्या नियंत्रक बागवान मॅडमवर उखडले.

“तेच तर, चौगुले. झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. रात्रभर हे चाललं की घशाला सूज येते, ती आवाजात उतरते. माणसाला ऐकू येत नाही, आवाजपारख यंत्राला येते.”

“इतकी वर्षं आंबा घाटात गाडी घालतोय. साधा ओरखडा नाही!”

“आणि परवा वळणावर कंडक्टरनं हाक मारली नसती तर?”

चौगुले बसमधून खाली उतरले. त्या वळणावर डोळा लागला होता, हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी हनुवटीखाली चिकटवायची श्वासपट्टी दिली. घसा आवळू लागला की ती जिभेच्या स्नायूला हलकेच चेतवायची. सुरुवातीला त्यांनी वैतागून ती उपटून फेकली. बायकोनं, शालनताईंनी, पुन्हा लावली. मग एका सकाळी ते उठले आणि नुसते बसून राहिले.

“काय होतंय?” शालनताई घाबरल्या.

“डोकं जड नाही. माणसं रोज अशी उठतात?”

रक्तदाब उतरला. घरातली आदळआपट थांबली. पुढच्या चाचणीत बस पहिल्याच हाकेला चालू झाली आणि चौगुले पुन्हा घाट चढू लागले.

वर्षभरात आवाजपारख लोकांच्या फोनमध्ये आली. त्यांच्या मुलीला, प्रांजलला, बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या काकांनी पोह्यांच्या बशीशेजारी फोन ठेवला.

“राग मानू नका, हल्ली सगळेच करतात. तुम्हाला तो झोपेचा आजार आहे म्हणे. मुलीत उतरलाय का बघू, तिनं यात चार वाक्यं बोलावीत.”

शालनताईंचा चेहरा उतरला. चौगुले मात्र शांत होते. “आहे ना. रोज पट्टी लावून झोपतो आणि भरलेली बस घाटातून सुखरूप नेतो. यंत्रानं मला उपचारापर्यंत नेलं. तुम्ही त्याच्यावरून पोरगी नाकारणार?”

प्रांजलनं फोन उचलून मुलासमोर, विश्वजीतसमोर, ठेवला.

“माझी हरकत नाही. पण आधी तुम्ही बोला.”

विश्वजीतनं फोनकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मग थेट तिच्याकडे.

“माझ्याच आवाजात काही निघालं,” त्यानं विचारलं, “तर तुम्ही नाही म्हणाल?”