दोन हाका

थांबा. वर जायचं की नाही ते नंतर बघू, आधी चहा घ्या. केयूर, टॉर्च खाली कर बाबा, डोळ्यांत जातोय.

“पण बाबामियाँ चाचा, व्ह्यू-पॉइंट इथून ओन्ली फॉर्टी मिनिट्स आहे.”

ठाऊक आहे मला. या बौशरच्या डोंगरात वाट कुठं वळते ते तुझ्या मोबाईलपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. वरून मस्कतचे दिवे दिसतात, फोटोही झकास येतो. पण तुझ्या बापानं तुला आणि ज्ञानदाला माझ्या भरवशावर सोडलंय. म्हणून आधी बाळकृष्णाचं ऐका. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझ्या हाताखालचाच माणूस तो.

मस्कतच्या गाला भागात आमचं पाट्या रंगवायचं वर्कशॉप. मी तिथला फोरमन. बाळकृष्ण देवगडकडचा, त्याच्यासारखा ब्रश चालवणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या खोलीत स्वरूप, तो गुहागरचा. नऊ वर्षं दोघं एका खोलीत राहिले, एका डब्यातलं जेवले, आणि माशात कोकम किती घालायचं यावरून रोज भांडले.

थंडी पडली की डोंगर चढणारे लोक येतात. वाटेतल्या दगडांवर तीन पट्टे बघितलेत ना? पिवळा, पांढरा, लाल. पट्टे दिसले की वाट बरोबर. आणि जिथं वाट फसवते तिथं पिवळी फुली. फुली दिसली की मागं फिरायचं. त्या साली हे सगळे पट्टे उन्हानं उडाले होते, आणि एका गिऱ्हाइकाला ते नव्यानं करून हवे होते. शुक्रवारी सकाळी फोटोसकट.

तारीख सांगतो. गुरुवार, बारा डिसेंबर दोन हजार एकोणीस. दोघांना मीच पाठवलं. काम दोन दिवस पुढं ढकललं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण अर्बाबला, म्हणजे मालकाला, खूश करायची खाज मला होती. त्याला तर ते काम झाल्याचं नंतर आठवलंही नाही.

हा सगळा चुनखडीचा डोंगर. दिवसा पांढराफटक, डोळे दिपतात. तिन्हीसांज झाली की सगळे दगड सारखेच करडे. अर्ध्यावर एक फाटा आहे. वरून उतरताना समोर जी रुंद वाट दिसते ती बकऱ्यांनी पाडलेली. वीस पावलांवर घळ येते आणि वाट संपते. खरी वाट डावीकडं वळते. त्या फाट्यावरची जुनी फुली पार पुसली होती.

पाचला दोघं तिथवर पोचले. स्वरूपच्या मुलीचा, उर्वीचा, त्या दिवशी वाढदिवस. खाली रेंज नाही, वर आहे. तो म्हणाला, “केक कापताना बघून येतो. यल्ला, अर्ध्या तासात आलो.” आणि बाळकृष्ण म्हणाला, “जा. फुली मी मारतो.”

मारली नाही. हात दुखत होता म्हणे. पिवळ्याचा डबा परत उघडायचा कंटाळा आला म्हणे. स्वरूप आला की उतरताना मारू, असं म्हणून तो खालच्या सपाट दगडावर जाऊन सिगरेट ओढत बसला. कंटाळा... बाकी काही नाही.

मगरिबची अजान होऊन अर्धा तास झाला असेल. अंधार पडला होता. पौर्णिमा होती, पण चंद्र अजून डोंगरामागं. आणि तेवढ्यात हाक आली.

“बाळ्याऽऽ...”

एकच.

आता तुम्ही म्हणाल, मग ओ दिली असेल. नाही दिली. तुम्ही मस्कतच्या शाळेत शिकलेली मुलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. आमच्या कोकणात हिंदू असो, मुसलमान असो, आई मुलाला पहिली ताकीद हीच देते. दिवेलागणीनंतर रानात हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस तीनदा बोलावतो. ते... दोनदाच बोलावतं.

बाळकृष्ण उठून उभा राहिला. तोंडावर हात घेतला.

थोड्या वेळानं दुसरी.

“बाळ्या...”

आवाज स्वरूपचाच. पण बारीक. खालून आल्यासारखा. स्वरूप तर वर गेलेला. हा आवाज खालून कसा?

तो तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिला.

पाच मिनिटं... दहा...

तिसरी आली नाही.

सव्वासातपर्यंत तो तिथं उभा होता. मग धावत खाली आला, पिकअप काढली आणि रेंज मिळाल्यावर मला फोन केला. मी पोलिसांना घेऊन आलो. पावणेदहाला स्वरूप घळीत सापडला. बरगड्या मोडलेल्या. बरगड्या मोडलेल्या माणसाला तीनदा हाक मारता येते होय रे? दोन मारल्या, तेच पुष्कळ. डॉक्टर म्हणाला, आठपर्यंत तरी जिवंत असेल. त्या सपाट दगडापासून ती घळ सत्तर पावलांवर आहे. मी चालून बघितलंय.

पोलिसांनी विचारलं, काही ऐकलंस का? तो नाही म्हणाला. गावाहून स्वरूपच्या बायकोचा, शैलाचा फोन आला. शेवटचं काही बोलले का हो, असं तिनं विचारलं. तो तिलाही नाही म्हणाला. खरं फक्त मला सांगितलं, आणि तेही चार महिन्यांनी, माझ्या हमरियाच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. मला त्याचा राग आला. अजून आहे. आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त.

वर्षानं तीच तारीख आली. बारा डिसेंबर, शनिवार. तो म्हणाला, “चाचा, मला तिथं सोडा. हाक आली तर या वेळी पहिलीलाच ओ देईन. तेवढं झालं की शैलावहिनींना फोन करून खरं सांगेन.”

मी इथंच गाडी लावली. तो पावणेसहाला वर गेला. पांढरा शर्ट, हातात टॉर्च. दुसरं काही नाही.

त्या रात्री चंद्र नव्हता. काच खाली करून मी बसलो होतो.

सहाच्या सुमारास त्याचा आवाज आला.

“ओऽऽ!”

हाक मला ऐकू आली नाही. फक्त ओ.

मग परत.

“ओऽऽ! आलो रे!”

मग काही नाही...

मग तोच हाका मारायला लागला.

“स्वरूऽप!”

...

“स्वरूऽऽप!”

...

मी तिसरीची वाट बघत होतो. नकळत माझाही हात तोंडावर गेला होता.

तिसरी आली नाही.

बऱ्याच वेळानं टॉर्च खाली येताना दिसला. हळूहळू. तो गाडीजवळ आला, तोंड पांढरं पडलेलं.

“दोन्ही हाकांना ओ दिली, चाचा. मग मी बोलावलं. त्यानं ओ दिली नाही.”

“तिसऱ्यांदा का नाही बोलावलंस?”

“तोही कोकणातलाच ना...” तो म्हणाला. “दोन झाल्या, तेव्हा माझ्या मागं कुणीतरी श्वास घेत होतं. थांबून. तिसरीची वाट बघत. तिसरी मारली असती तर त्यानं ओ दिली असती.”

“मग त्यासाठीच गेला होतास ना?”

त्यानं टॉर्च विझवला.

दुसऱ्या वेळीही त्यानं मित्राला तसंच टाकलं, पोरांनो. मी गाडीत होतो, मीही वर गेलो नाही. पंधरा दिवसांत तो नोकरी सोडून गावी गेला, खलास. शैलाला फोन झाला नाही. त्यानं केला नाही, मीही केला नाही. ती पोर, उर्वी, आता दहा वर्षांची असेल. आपला बाप जागच्या जागी गेला, असं तिला सांगितलेलं आहे.

“चाचा, मे बी ते फक्त भ्यायले असतील,” ज्ञानदा म्हणतेय. असेल बाई. मीही तसंच म्हटलं असतं.

पण एक राहिलं.

तो गाडीत बसायला वळला. हेडलाइटचा उजेड त्याच्या पाठीवर पडला...

शर्टावर फुली होती.

पिवळी. दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, आपला हात आपल्याला पोचत नाही तिथं.

मी बोट लावलं.

ओली होती.

रंगाचे सगळे डबे गालाला वर्कशॉपात कुलपात होते, आणि किल्ली माझ्या खिशात.