मागच्या सीटवरचा ब्रेक

तळघरातल्या पार्किंगमध्ये तीन नव्याकोऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिनं त्यातल्या निळीचं मागचं दार उघडलं आणि सरळ आत शिरली. बसली, सरकली, पुन्हा बसली. मग सीटवर चांगल्या उड्या मारून म्हणाली, "बघू गं बाई, तुझी मांडी किती मऊ आहे ते..."

"जरा हळू," गाडीच्या पोटातून आवाज आला. "माझं डोकं आहे इथं."

ती किंचाळली नाही. पण तिचा उजवा पाय सवयीनं खाडकन खाली दाबला गेला. स्टिअरिंगखालून एक विस्कटलेलं डोकं वर आलं, मागोमाग दोन शांत डोळे.

"चोर आहात का?"

"चोर असतो तर 'हळू' म्हणालो नसतो, पळालो असतो. पेडल चाचपत होतो. कुठलं किती दाबावं लागतं, दोघांत अंतर किती... नवी गाडी हातात घेण्याआधी ओळख करून घेतो."

"माणसांशीही अशीच ओळख करून घेता? पायांपासून?"

"नाही. पण तुमच्या पायाशी झाली. आत्ता तुम्ही ब्रेक दाबलात."

"इथं मागे कुठला आलाय ब्रेक?"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि हसला.

तिनं खाली पाहिलं. पाय अजून गालिच्यात रुतलेलाच होता. तिनं तो पटकन मागे ओढला... आणि उगाचच खिडकीची काच वर-खाली केली.

तिला सगळे चुळबुळ म्हणत. कुठं म्हणून ती स्वस्थ बसायची नाही. पायाला भिंगरी, हाताला चाळा, आणि मनाला तर त्याहून मोठी भिंगरी. नोकरी होती गाड्यांच्या मासिकात, आणि तीही गाडीच्या मागच्या सीटवर बसण्याची! ऐकणाऱ्याला वाटे, काय मजा आहे. पण तिला गाडीत मागे बसून आयुष्यात कधी डुलकीसुद्धा लागली नव्हती. तिचे वडील गाडी अशी चालवत की ब्रेक त्यांना अगदी शेवटच्या क्षणी आठवे. म्हणून ती लहानपणापासून मागे बसून त्यांच्या वाटचा ब्रेक दाबत आली होती. वडिलांनी गाडी सोडली, तरी तिच्या पायानं सवय सोडली नाही.

मासिकाच्या संपादकबाईंनी हा दोषच कामाला लावला. "हिचा पाय जितका कमी दाबला जाईल, तितकी गाडी आरामाची," त्या म्हणत. त्यांची पद्धत पक्की होती. रस्ता एकच, वेग सारखा. चालवणाऱ्यानं गाडीच्या जोमाला गुण द्यायचे, मागे बसणारीनं आरामाला. दोघांनी आपले गुण एकमेकांना सांगायचे नाहीत, थेट बाईंना कळवायचे. पैसे वसूल होतात की नाही, ते शेवटी बाई ठरवणार.

या खेपेला विषय होता लक्झरी सेडानचा, त्यातही सगळ्यात खालच्या पायरीवरच्या. घराला जसा उंबरठा असतो, तशा या गाड्या. आतल्या दिवाणखान्यात बसणाऱ्या गाड्यांची किंमत ऐकूनच घाम फुटावा. उंबरठ्यावरच्यांना नाकावरचा बिल्ला तोच, पण आत जरा हात आखडलेला. मासिकाच्या फोटोग्राफरनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'तीन जावा'. थोरली काळी, एंजिनाच्या जोरावर मिरवणारी. मधली निळी, वळणावर रस्त्याला चिकटून राहणारी, पण स्प्रिंगा अशा कडक की खड्डा थेट पाठीला सांगेल. धाकटी पांढरी, ऐसपैस, मवाळ आणि किमतीलाही बरी.

आणि तो? तो नवा चालक. आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत असे, म्हणून आल्या दिवशीच त्याचा 'मास्तर' झाला.

थोरलीनं निघाले तेव्हा त्यानं सरळ रस्त्यावर पाय असा दाबला की तिची पाठ सीटला चिकटली. पुढच्या वळणाच्या आधी आरशात त्याचे डोळे दिसले.

"लागला का ब्रेक?"

"तुमचा लागला. माझा खराब आहे, दाबून दाबून गालिच्याला भोक पडेल."

"लाजू नका. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, खराखुरा. ती नोकरी सुटली, पण अजून कुणाच्या शेजारी बसलो की माझाही पाय आपोआप..."

"अय्या! म्हणजे तुम्हीही?"

"म्हणून तर मी कुणाच्या गाडीत बसतच नाही. चालवतो तरी, नाहीतर चालत जातो."

ती खळखळून हसली. मग लक्षात आलं की हसण्याच्या नादात वळण येऊन गेलं, आणि आपण पाहिलंच नाही.

धाकटीच्या फेरीत गाडी होडीसारखी डुलत होती आणि गप्पाही तशाच. त्याला गाडीत गाणी चालत नसत, एंजिनाचा आवाज ऐकू येत नाही म्हणून. तिला शांतता चालत नसे. मग तीच गुणगुणत राहिली. "हे चालेल," तो म्हणाला. "हे एंजिनाच्या आड येत नाही."

"किती गुण दिले धाकटीला?" तिनं विचारलं.

"नियम आहे. सांगायचं नाही."

"मी तरी सांगते—"

"नको. सगळं आधीच कळलं, तर रोज भेटायला कारण काय उरणार?" इतकं बोलून तो एकदम गिअरकडे बघू लागला. जणू गिअर पहिल्यांदाच पाहत होता.

त्या वाक्यानं तिची झोप उडाली. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. आणि सकाळी ऑफिसात पाय ठेवते तोच फोटोग्राफर म्हणाला, "कळलं का? मास्तर चालला. गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं बोलावलंय, त्यांच्या टेस्ट ट्रॅकवर. इथून लांब आहे बरं का. उद्या, शनिवारी, संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय."

निळीच्या फेरीला ती अवाक्षर न बोलता मागे बसली. बाहेर भुरभुर पाऊस होता. वायपर इकडून तिकडे, तिकडून इकडे... त्यानं आरशात पाहिलं. सुजलेले डोळे, कपाळावर दोन बोटं. गाडी गोदामांच्या मागून निघाली, ठिगळं पडलेल्या रस्त्याला लागली. एक-दोनदा तिचा पाय हलला. मग हलला नाही. ओल्या काचेवरचे थेंब एकमेकांत मिसळत होते, ते तिनं पाहिले, आणि नंतर काहीच पाहिलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. एंजिन बंद, पाऊस थांबलेला. तो पुढे हात बांधून बसला होता.

"मी... झोपले होते?"

"निळीला विचारा."

"उठवलं का नाही?"

"आरामाची परीक्षा चालू होती. मध्येच पेपर कसा काढून घेणार?"

तिनं गालावर उमटलेली सीटची शिवण चोळली. गाडीत झोप! आणि तिला! तिनं बाईंना निळीसाठी पैकीच्या पैकी गुण कळवले. तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशीची कंबर दुखरी होती आणि तिला गाडी घ्यायची होती. "डोळे मिटून निळी घे," तिनं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार उजाडला आणि बाईंनी दोघांना समोर उभं केलं.

"ही गाडी तुम्ही उलटी धरून वाचलीत की काय? अख्ख्या बाजारात निळीचं नाव आहे चपळाईसाठी, आणि मास्तर म्हणतो 'सुस्त'. कंबर मोडते म्हणून लोक तिच्या नावानं ओरडतात, आणि ही म्हणते 'पैकीच्या पैकी'!"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाला, "चूक माझी आहे, बाई. मी तिला पळवलीच नाही. खड्डे चुकवत, ब्रेक लांबूनच हळू लावत आणली. नियम मोडला."

"का?"

त्याचे कान लाल झाले. बाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फोटोग्राफर!" त्यांनी हाक मारली. "निळी काढ. चुळबुळे, तू मागे बस. मास्तर, तू इथंच थांब."

फोटोग्राफरनं निळी ठरलेल्या वेगानं, सरळ नियमानं चालवली. पहिल्याच ठिगळाला तिचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला डोकं छताला भेटून आलं. पाय तर सारखा दाबतोय, दाबतोय... तोच रस्ता, तीच सीट. पाठीला एकेक खड्डा कळत होता आणि त्याबरोबर दुसरंही काही कळत होतं. काल यातला प्रत्येक खड्डा कुणीतरी आधी पाहिला होता. पाहून, तिच्यासाठी चुकवला होता.

आणि तो माणूस आज संध्याकाळी 'हो' म्हणणार होता!

ऑफिसच्या दारात उतरते न उतरते तोच मावशीचा फोन. "शोरूममध्ये आहे गं. निळी बुक करतेय."

"मावशी, थांब! नको. ती गाडी आरामाची नाही."

"अगं, तूच म्हणालीस ना, डोळे मिटून घे?"

"मी डोळे मिटले होते म्हणून म्हणाले. मावशी... ती गाडी नव्हती गं. चालवणारा तसा होता. तू पांढरी घे. कंबरही वाचेल, पैसेही."

मावशी लगेच म्हणाली, "पांढरी मी बघते. तू तिकडे काय करतेयस? ज्याच्या भरवशावर तुला, तुला गं, झोप लागली, त्याला सोडून माझ्याशी काय बोलत बसलीस? बुक कर त्याला आधी!"

"मावशी!"

"मावशी-बिवशी काही नाही. फोन ठेव."

ती पायऱ्या दोन-दोन करून तळघरात उतरली. तो काळीला टेकून उभा होता. हातात मोबाइल, अंगठा कधी पडद्यावर, कधी बाजूला.

"कळवलंस?" तिनं धापा टाकत विचारलं. 'तुम्ही' कुठं गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

"अजून नाही. ते करणार आहेत फोन."

"चांगली नोकरी आहे?"

"चांगली आहे. मोठा ट्रॅक, नव्या गाड्या. मागच्या सीटवर माणसाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवतात."

"गोण्या बऱ्या. चुळबुळ करत नाहीत."

"हो ना. गुणगुणतही नाहीत," तो हळूच म्हणाला.

तिनं निळीकडे बोट केलं. "चावी फोटोग्राफरनं तिलाच लावून ठेवलीय. बस. मागे."

"मागे? आणि चालवणार कोण?"

"मी. मला येते. लायसन्स आहे."

"मी सांगितलं होतं ना... मी कुणाच्या गाडीत—"

"मी तरी कुठं झोपत होते कुणाच्या गाडीत?"

मान डोलवत तो मागे बसला, पट्टा लावला, वरचं हँडल घट्ट धरलं. तिनं गाडी बाहेर काढली. पहिल्याच वळणाला निळी जरा जास्तच वळली, आणि मागून स्पष्ट आवाज आला... धप्प.

"कसला आवाज तो?"

"कुठं काय."

दुसरं वळण. धप्प.

"मास्तर, ब्रेक दाबतोयस?"

"गालिचा जाड आहे म्हणून बरं," तो कसाबसा म्हणाला. "खड्डा! डावीकडे खड्डा!"

तिनं तो चुकवला. पुढचाही चुकवला. तिसरा मात्र थेट सापडला. बाईंना द्यायचे नवे गुण, मावशीची कंबर, सगळं डोक्यात घुमत होतं, आणि त्यावर चढून त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. आता आरशात बघायचं नाही, तिनं ठरवलं. आणि बघितलंच.

त्यानं एका हातानं हँडल धरून दुसऱ्यानं फोन कानाला लावला होता.

"हो साहेब... विचार केला. नाही जमणार... पैशांचं नाही हो. कसं सांगू... सध्या मी मागच्या सीटवर बसायला शिकतोय... हो, शिकवणारी आहे. कच्ची आहे, पण—" धप्प! "—पण शिकायचं मला तिच्याकडेच आहे."

तिनं गाडी कडेला घेतली. आता ब्रेक तिच्या पायाखाली होता, खराखुरा. तिनं तो लांबूनच, अगदी हळू दाबत नेला. गाडी थांबली तेव्हा आरशाला लटकवलेला शोरूमचा कागदी टॅगसुद्धा हलला नाही.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिची बोटं स्टिअरिंगवर टक-टक करत होती.

"आरामाला किती गुण?" शेवटी तिनं विचारलं.

"शून्य. पाय अजून थरथरतोय."

"मग उतरतोस?"

मागून हँडल सुटल्याचा आवाज आला. त्याचा हात पुढच्या सीटवरून तिच्या खांद्यापर्यंत आला, जरा थबकला... आणि मग टेकला.

"नाही," तो म्हणाला. "पुढचं वळण घे. मी दाबत राहीन ब्रेक. तू चालव."

तिची बोटं थांबली. कधी नव्हे ती चुळबुळ क्षणभर अगदी स्वस्थ बसली. मग तिनं गाडी गिअरमध्ये टाकली आणि गुणगुणायला लागली.