जांभूळडोहातली गाय

“पहिला घास आपला नव्हे. तो मुक्या जिवाचा. मग आपण जेवायचं.”

आईचं हे सांगणं कल्याणीच्या अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे काळकडा राष्ट्रीय उद्यानातल्या जांभूळडोहाकाठी तिने डबा उघडला, तेव्हा दहीभाताचा पहिला घास पाण्यालगतच्या दगडावर ठेवला, हात जोडले आणि मगच ती जेवायला लागली. एक लहानशी लाट दगडावर चढली आणि अर्धा घास घेऊन गेली. माशांच्या मुखी लागला, म्हणून कल्याणीला बरंच वाटलं.

‘प्राण्यांना खायला घालू नये’ अशी पाटी प्रवेशद्वारावर होती. तिने ती मोठ्याने वाचलीही होती. पण ती माकडांना चिवडा टाकणाऱ्यांसाठी, असं तिला वाटलं. हा तर नेम होता.

तिच्या मनात वेगळंच कोडं घोळत होतं. सकाळपासून पाय दुखेपर्यंत चालूनही एक प्राणी दिसला नव्हता. शेकरूचं घरटं होतं, शेकरू नव्हतं. चिखलात गव्याचा खूर उमटला होता, गवा नव्हता. रान रिकामं झालं की काय, असं तिने वाट दाखवायला आलेल्या ठकुबाई झोऱ्यांना विचारलं.

“तू येणार म्हणून समद्यांनी दारात रांगोळी काढून बसायचं व्हतं व्हय?” ठकुबाई म्हणाल्या.

कल्याणीचे आजोबा, डॉ. मनोहर सामंत, हसले. रानातल्या पाण्याचा अभ्यास करणं हेच त्यांचं काम. ते म्हणाले की, प्राणी आपल्याला भेटत नसले तरी पाण्याला भेटतात. तेव्हा पाण्यालाच विचारू.

त्यांनी सोबतच्या यंत्रमानवाला खूण केली. त्याचे पाय काडीसारखे बारीक, म्हणून त्याचं नाव टिटवी. तो डोहात दोन पावलं गेला आणि मान वाकवून पेलाभर पाणी प्यायला.

त्याचं काम चालू असताना आजोबांनी कल्याणीला समजावलं. देवघरात आरती झाली, माणसं उठून गेली, तरी कापराचा वास मागे राहतो ना? तसंच पाणी प्यायला आलेला प्राणी निघून जातो, पण त्याची लाळ, एखादा केस, त्वचेचा कण पाण्यात राहतो. त्या कणात पेशी (शरीराच्या अगदी बारीक विटा) असतात आणि पेशीत असतो डीएनए (ज्यावर त्या जिवाची घडण लिहिलेली असते असा अतिसूक्ष्म धागा). गव्याचा धागा वेगळा, सांबराचा वेगळा. पाण्यात त्याचे तुकडे इतके थोडे असतात की वाचता येत नाहीत. म्हणून टिटवी त्यांच्या लाखो प्रतिकृती (हुबेहूब नकला) तयार करतो आणि मग ओळखीच्या धाग्यांशी ताडून पाहतो.

“म्हणजे पाण्यालाही सगळं आठवतं,” कल्याणी म्हणाली.

सगळं नाही, आजोबा म्हणाले. उन्हाने आणि वाहण्याने ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं. पण नुकतं कोण येऊन गेलं, एवढं कळतं.

टिटवी डोहाबाहेर आला आणि अदबीने बोलू लागला. गवा. सांबर. भेकर. अस्वल. उदमांजर. प्रत्येक नावासरशी कल्याणीचे डोळे मोठे होत गेले. मग तो म्हणाला, पाणमांजर. ठकुबाईंनी कमरेवरचा हात काढून छातीवर ठेवला. त्यांच्या आईने लहानपणी या डोहात पाणमांजरं खेळताना पाहिली होती. त्यानंतर कुणालाच दिसली नव्हती. म्हणजे ती इथेच होती. कल्याणीने डोहाला नमस्कार केला.

“आणि गाय,” टिटवी म्हणाला.

ठकुबाईंचा चेहरा उतरला. उद्यानाच्या हद्दीला लागून त्यांची वस्ती होती. उन्हाळ्यात वस्तीची गुरं खालच्या ओढ्यावर पाणी पीत. त्याला परवानगी होती, पण एका अटीवर: या वरच्या डोहाकडे एकही जनावर फिरकता कामा नये. पाळीव गुरांचे रोग रानातल्या गव्यांना होतात. अट मोडली की परवानगी गेली, आणि चैत्र-वैशाखात दुसरं पाणी कुठे होतं? टिटवीने नेमाप्रमाणे निकाल कार्यालयाला कळवलाही होता. लगेच ठकुबाईंचा फोन वाजला. ओढ्याकडची वाट बंद होणार, असं वस्तीवर कळलं होतं. पलीकडून त्यांचे थोरले मामंजी तावातावाने बोलत होते; गुरं वर जात नाहीत, हे त्यांचं म्हणणं कार्यालयाने मानलं नव्हतं. ठकुबाई नुसतं हं, हं म्हणत राहिल्या.

“आमची गुरं इथवर येत न्हाईत, सायेब,” एवढंच त्या म्हणाल्या.

आजोबांनी निकाल पुन्हा पाहिला. गव्याचा आणि गाईचा धागा टिटवी चुकवत नसे, हे त्यांना ठाऊक होतं.

कल्याणीने डब्याकडे पाहिलं. मग दगडाकडे. दही कशाचं असतं? दुधाचं. दूध गाईचं, आणि दुधात गाईच्या पेशी असतात. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं.

“आजोबा, गाय मी आणली.”

“माझ्या नोंदीत आपल्यासोबत गाय नव्हती,” टिटवी म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. पाटी वाचली होती, हेही. आजोबा रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. नुसत्या तुझ्या बोलण्यावर कार्यालय थांबणार नाही, ते म्हणाले, पुरावा हवा. मग ते टिटवीकडे वळले. “आपण पाण्याला अर्धाच प्रश्न विचारला. कोण आलं, एवढाच. त्याच्याबरोबर काय आलं, ते राहिलं.”

टिटवीने त्याच पाण्यात आता वनस्पती आणि जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) शोधले. भात सापडला. या रानात भात कुठून येणार? विरजणातले, म्हणजे दूध नासू न देता त्याचं दही करणारे जिवाणूही सापडले. गाय स्वतः येऊन पाणी प्याली असती, तर तिच्या पोटातले जिवाणू शेणावाटे मागे राहिले असते. ते मात्र मुळीच नव्हते. दगडाच्या वरच्या अंगाला, जिथून डोहात पाणी येतं, तिथलंही पाणी टिटवी प्यायला. तिथे गवा होता, पाणमांजर होतं, गाय नव्हती.

आजोबांनी नवा निकाल पाठवला. मग तिघांनी मिळून दगडावरची शितं वेचली. इथल्या जिवांना आपला दहीभात विषासारखा बाधू शकतो, ते म्हणाले. मग माझ्या नेमाचं काय, असं कल्याणीने विचारलं.

“आमच्या कुत्र्याला दे की घास,” ठकुबाई म्हणाल्या. “मुकाच हाय. नुसता भुंकतो.”

तेव्हा कुठे तिघं हसले. उतरताना आजोबा सांगत होते की, एक दिवस गावोगावचा प्रत्येक ओढा असाच बोलता होईल. कुणाला न पकडता, न घाबरवता, आपल्याला कळेल की अजून कोण कोण आपल्यासोबत राहतंय. कल्याणीला वाटलं, सकाळी आपण प्राणी पाहायला आलो होतो, आणि त्यांनी तर सबंध दिवस आपल्याला त्यांच्या घरातून फिरू दिलं.

प्रवेशद्वाराशी पोहोचेपर्यंत कार्यालयाचं उत्तर आलं. परवानगी कायम होती. ठकुबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. गुरं वळवायची वेळ झाली होती. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या की, कागद पोचेल, पण आमच्या थोरल्या मामंजींना आज खोटं ठरवलं गेलं. कागद ते काय वाचणार?

“मी येऊन सांगते त्यांना,” कल्याणी म्हणाली. ठकुबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या पुढे गेल्या.

आजोबा गाडीजवळ टिटवीचे पाय पुसत होते. समोरच्या उतारावर वस्तीतल्या चुलींचा धूर दिसत होता. कल्याणीने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. तिने पाण्याची बाटली खाली ठेवली, चपलांचे पट्टे घट्ट केले आणि ती धुराच्या दिशेने चालू लागली.