निळ्या शाईतलं नाव

महाचाई बंदरात नदीकाठी मासळी डबाबंद करणारे कारखाने आहेत, बर्फाचे कारखाने आहेत, आणि या सगळ्यांच्या छताला वर्षानुवर्षं ट्यूबलाइट लटकत होत्या. आता जो तो एलईडीच्या मागे लागलाय. काढलेल्या ट्यूब उकिरड्यावर फोडल्या तर आतला पारा पाण्यातून माणसांच्या पोटात जायचा, म्हणून त्या गाड्या भरभरून हेंगशेठच्या शेडमध्ये येतात. तिथे काच वेगळी होते, पांढरी भुकटी वेगळी, पारा वेगळा.

पिकुल या शेडची मुकादम. अंगानं काटकुळी, आवाज जरासा घोगरा, टोकाला चढणारा, पण जिभेला धार अशी की गाडीवाले तिच्यासमोर मुकाट्यानं माल उतरवायचे. ट्यूब हातात घ्यायची, दोन्ही टोकं बघायची आणि यंत्राच्या तोंडात सोडायची, हे तिचं काम. टोकांजवळची काच जितकी काळी, तितकं ट्यूबचं आयुष्य सरलेलं. बर्फाच्या कारखान्यातली ट्यूब वर्षभर अखंड जळूनही स्वच्छ असायची, आणि एखाद्या ऑफिसच्या संडासातली चार महिन्यांत काजळायची.

"जळून नाही मरत ट्यूब," कामावर नवा कोणी आला की ती सांगायची. "पुन्हा पुन्हा पेटवल्यानं मरते. दर खेपेला पेटताना टोकाचं थोडं थोडं झडतं. समजलं? नाही समजलं तरी मान हलव."

त्या वर्षी कालव्याकाठच्या मठानं एलईडी बसवले आणि हेंगशेठनं मठाचा माल पुण्य म्हणून पैसे न आकारता घेतला. पावसाळ्यात भिक्खूंचा वर्षावास सुरू होताना लोक पूर्वी मठाला मेणबत्त्या द्यायचे, हल्ली ट्यूब देतात. ज्याच्या नावानं दान करायचं त्याचं नाव ट्यूबवर लिहितात. मेलेल्याचं तांबड्या शाईनं, जित्याचं निळ्या. जिवंत माणसाचं नाव चुकूनसुद्धा कोणी तांबड्यानं लिहीत नाही. पोरंसोरं वहीतही लिहीत नाहीत.

गाडी उतरली आणि शेडमधले हात थांबले. चालोम हा तिथला सगळ्यात दांडगा गडी, पारा सांडला तरी न डगमगणारा. तो दोन पावलं मागे सरला.

"आपण नाही ताई नावावर यंत्र चालवणार."

"अरे, मग नाव पुसू की! थिनर काय प्यायला ठेवलंय?"

"पुसणं म्हणजे अजून वाईट, ताई. फोडलं तर निदान नावानिशी तरी जाईल. पुसल्यावर ते जायचं कुठं?"

"तुझ्या डोक्यात जाईल. तिथे जागाच जागा आहे."

सगळे हसले, पण कोणी पुढे होईना. शेवटी पिकुलनंच फडकं घेतलं. भराभर नावं पुसत ट्यूब यंत्रात सोडू लागली. आणि मध्येच तिचा हात अडला. ट्यूबवर निळ्या शाईत तिचंच नाव होतं. आईचं अक्षर. शेवटच्या अक्षराची शेपटी आई कायम उगाच लांब ओढायची, तशीच ओढलेली.

नाव सगळ्यांना दिसलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि बघताहेत म्हणूनच तिला जोर चढला.

"घ्या! आता तरी समाधान होईल ना?" तिनं खसाखसा नाव पुसलं आणि ट्यूब आत ढकलली. यंत्र कडाडलं. पिकुल दोन्ही हात पसरून सगळ्यांसमोर गर्रकन फिरली. "बघा नीट. आहे ना उभी? की कुठून धूर निघतोय?"

आता मात्र सगळे मोकळेपणी हसले. चालोमसुद्धा कानकोंडा होऊन कामाला लागला. पिकुलनं हसतहसतच पुढची ट्यूब उचलली.

तिच्यावर थावोर्नचं नाव होतं. तेही निळ्या शाईत.

थावोर्न तिचा धाकटा भाऊ. मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. ना बोट आली, ना प्रेत, ना निरोप. गावानं आईला किती समजावलं की आता त्याचे विधी उरकून टाक, लेकरू अडकून पडेल. पण म्हातारी ऐकेल तर शपथ. रोज दुपारी ती त्याचं ताट वाढायची, भात आणि तळलेला बांगडा, आणि दारात उभी राहून नदीकडे तोंड करून हाक मारायची, "थावोर्न, जेवायला ये रे!" पिकुलला त्या हाकेनं आतून कापल्यासारखं व्हायचं. तो मेला म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, आणि आहे म्हणावं तर मन मानत नव्हतं.

ती ट्यूब तिला फोडवेना. शेडमधून काचेचा तुकडाही घरी न्यायचा नाही, हा नियम तिचाच. तरी तिनं ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी आणून कोपऱ्यात उभी केली. टोकं अगदी कोरी होती. मठाच्या कोठारात नुसती पडून राहिली असणार, कधी लावलीच नसणार.

सुट्टीच्या दिवशी आईनं दुपारी हाक मारली आणि कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं.

पिकुल घाबरली नाही. कोरड्या फडक्यानं घासली तरी ट्यूब क्षणभर चमकते, मोठ्या विजेच्या तारांखाली धरली तर हातातल्या हातात पेटते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण ट्यूबला कोणी हात लावला नव्हता, आणि घरावरून तार जात नव्हती. तिनं जागा बदलली. ट्यूब लाकडी फळीवर आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी, कामावर जायच्या आधी, आई मोरीत असताना तिनं स्वतःच हळूच हाक मारली.

"थावोर्न."

टोकं आधी तांबूस झाली, मग ट्यूब दोनदा फडफडली आणि अख्खी पेटली. खोली पांढरीफेक झाली. मग विझली. पिकुलनं बोट लावलं तर काच कोमट होती.

हल्ली वाढलेल्या मोतीबिंदूनं आईला माणसांच्या सावल्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, पण तो उजेड तिला दिसला. ती ओल्या अंगानिशी भिंत चाचपत बाहेर आली. "आहे! आहे गं माझं लेकरू! सांगत नव्हते मी?" आणि ती हाका मारत सुटली, ट्यूब पेटत राहिली, आणि शेडभर जिची जीभ चालायची ती पिकुल फळीशी बसून ढसाढसा रडली. म्हातारी मात्र हसत होती. किती दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

मग दोघींना नादच लागला. उठता-बसता हाक. भात उतरवला की हाक, पाऊस आला की हाक.

एका सकाळी पिकुलनं सवयीनं ट्यूबची टोकं पाहिली. काच करडी झाली होती. एका बाजूला तर काळा पट्टाच उमटला होता. असल्या पट्ट्याची ट्यूब शेडमध्ये आली असती तर ती म्हणाली असती, हिचं निम्मं सरलं.

तिनं आईला जवळ बसवलं आणि नवख्या गड्यांना सांगायची तेच सांगितलं. फक्त या वेळी शेवटी 'मान हलव' म्हणाली नाही.

म्हातारीनं ट्यूबच्या टोकावरून बोट फिरवलं. "म्हणजे मीच माझ्या पोराला संपवतेय?"

"दोघी मिळून, आई. आता हाक मारायची नाही. तो जिथे आहे तिथे राहू दे."

"ताट?"

"ताट वाढ. पण तोंडानं नाव नाही. त्याच्या गळ्याची शपथ घे."

आईनं शपथ घेतली. दुपारचं ताट मुक्यानं वाढलं जाऊ लागलं. पिकुल कामावरून आली की आधी फळीपाशी जायची आणि काळ्या पट्ट्याच्या कडेवर अंगठा ठेवून बघायची. पट्टा होता तिथेच थांबला. ती शेडमध्ये पुन्हा जरा थट्टामस्करी करू लागली.

आणि एके दिवशी पट्टा अंगठ्याच्या बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. दोन्ही बाजूंनी.

"आई, शपथ मोडलीस?"

"मी?" म्हातारी एकदम चवताळली. "मला शपथा घालायच्या, आणि आपण मात्र... जाऊ दे. माझं तोंड उघडवू नकोस."

पिकुलला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. आईवर डाफरून उपयोग नव्हता. हाक मारताना पकडल्याशिवाय ती कबूल होणार नव्हती. आणि आता फार दिवस हातात नव्हते. ट्यूबच्या मध्ये जेमतेम हातभर पांढरी काच उरली होती.

यंत्राच्या गाळण्या बदलायच्या म्हणून हेंगशेठनं एके दुपारी शेड लवकर बंद केली. पिकुल मागच्या दाराच्या फळकुटावरून, चपला हातात घेऊन, घरात शिरली. आईला कळलंही नाही. रांजणामागे ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिथून ट्यूब दिसत होती, आई दिसत होती आणि उघड्या दारातून घाटाकडे उतरणारा लाकडी जिना दिसत होता. ऊन होतं. नदीवरून डिझेलचा आणि सुकटीचा वास येत होता.

आईनं भात वाढला. बांगडा ठेवला. ताटावर झाकण घातलं आणि ओठ घट्ट मिटून बसली.

तिनं हाक मारली नाही. पिकुलला तिच्यावर घेतलेल्या संशयाची लाज वाटली.

तेवढ्यात घाटावरून हाक आली.

"थावोर्न, घरी ये ना रे."

बाईचा आवाज. जरासा घोगरा, टोकाला चढणारा.

फळीवर ट्यूब तांबूस झाली. फडफडली.

"थावोर्न!"

ट्यूब पेटली नाही. टोकं फडफडत राहिली, काळा पट्टा दोन्हीकडून मध्ये सरकत आला, मिळाला, आणि मग काहीच उरलं नाही. पिकुल ओरडणार होती. पण तिचं लक्ष आईकडे गेलं.

आई घाबरली नव्हती. वैतागली होती. रोजचंच काहीतरी असल्यासारखी.

"किती वेळा सांगू गं हिला," ती स्वतःशीच पुटपुटली. मग मिटल्यासारखे डोळे दाराकडे वळवून तिनं घाटाच्या दिशेनं हाक दिली. "पिकुल! अगं पिकुल, पुरे आता! आत ये, दार उघडंच आहे."

रांजणामागे पिकुलनं ओ देण्यासाठी तोंड उघडलं.

ओ घाटावरून आली.