समेवरची थाप

२०६१ साली घरोघरी ध्वनिखोल्या होत्या. भिंतींत आणि छतात मिळून अकरा स्पीकर, मधोमध एक खुर्ची. जुन्या मैफलीला तिथे 'साक्षीध्वनी'चं प्रमाणपत्र लागे. मूळ मैफलीला हजर असलेल्या जिवंत माणसाने प्रत्येक आवाज आपल्या जागी असल्याची सही द्यायची.

त्र्यंबक आरोंदेकर चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या खुर्चीत बसले होते. बावन्न वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या मैफलीत तबल्यावर तेच होते. पुढच्या रांगेतून कुणीतरी मोबाइलवर केलेलं ते मुद्रण जगभर फिरलं होतं. त्यात तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, त्यांची थाप उशिरा पडलेली ऐकू येई. पुढे मोठ्या गायकांनी त्यांना बोलावणं बंद केलं.

"मुद्रण तेच आहे ना? मग नवीन काय ऐकू येणार?" त्यांनी विचारलं.

"आवाज थेट येतो, तसा भिंतीवर आपटूनही येतो, थोडा उशिरा," डॉ. नीलाक्षी बर्वे म्हणाल्या. "त्या उशिरावरून भिंत किती लांब ते कळतं. आमचं उकलयंत्र अशा प्रतिध्वनींवरून अख्खं सभागृह पुन्हा उभं करतं आणि प्रत्येक आवाज त्याच्या जागी नेऊन ठेवतं."

मैफल सुरू झाली. समोर गायक, डावीकडे पेटी. तान उतरली आणि थाप पडली, नेमकी समेवर. क्षणभराने तीच थाप मागच्या भिंतीवरून परतली.

"तुमची थेट थाप पेटीखाली बुडाली होती," डॉक्टर म्हणाल्या. "लोकांनी ऐकला तो प्रतिध्वनी."

त्र्यंबकरावांनी मांडीवर सम दिली.

"पुन्हा लावा."

मघाशी त्यांचं लक्ष थापेकडेच होतं; या वेळी थापेच्या आधी उजवीकडून, मागून, बाईची कुजबुज ऐकू आली. "आज यांची सम चुकणार बघा. रियाज कुठे होतो हल्ली."

ती कुमुद होती, त्यांची बायको. जाऊन नऊ वर्षं झाली होती. तुम्ही चुकलाच नाहीत, असं ती जन्मभर सांगत आली होती.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "हे काढता येईल. पण एकही आवाज काढला, तर प्रमाणपत्र मिळत नाही."

त्र्यंबकराव खुर्चीतच उजवीकडे वळले.

"उजवीकडे, खांबाशेजारी बसली होती. जागा बरोबर आहे," म्हणत त्यांनी सही केली.

महिन्याभरात ती मैफल लाखभर घरांत पोचली. मोठ्या गायकांचे निरोप आले, सत्कार झाले. आणि त्या प्रत्येक घरात कुमुद शेजारणीच्या कानाशी लागून आपल्या नवऱ्याबद्दल तेच बोलत राहिली, आणि लगेच थाप समेवर पडत राहिली.